कार्डावर काय लिहिले आहे?

मोहर्लीच्या परिसरातील एक बाई मध्यंतरी आमच्याकडे आल्या. मुलाचे लग्न जुळत आले होते. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "फादर, दवाखान्यातली माणसं तुमच्या ओळखीची आहेत. त्या पोरीच्या सिकलसेलच्या कार्डावर काय लिहिलं आहे, तेवढं विचारून पाहा ना."

मागणी लहानशीच होती. परंतु तिने आम्हांला पुष्कळ दिवस अस्वस्थ केले. रुग्णाविषयीची नोंद ही नेमकी कोणाची? रुग्णाची, डॉक्टरची, शासनाची, की तिच्यावाचून ज्यांचे अहित होऊ शकते त्या सर्वांची?

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांना सिकलसेल नवा नाही. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि रुग्ण असह्य वेदनांनी तळमळतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. तत्पूर्वी, २७ सप्टेंबर २०२१ रोजी, आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले होते. चौदा आकडी 'आभा' क्रमांकाच्या आधारे, रुग्णाच्या संमतीने, एका दवाखान्यातील नोंदी दुसऱ्या दवाखान्यातील डॉक्टरला संगणकावर पाहता याव्यात, अशी ही योजना आहे.

तिची गरज नाकारता येत नाही. ताडोबाच्या काठावरील गावातून रुग्ण चंद्रपूरला जातो, तेथून नागपूरला. सोबत असते ती प्लास्टिकची पिशवी: पावसात भिजलेले कागद, अर्धवट फाटलेले अहवाल. मध्यरात्री वेदनांनी कण्हणाऱ्या मुलाची पिशवी घरी राहिली, तर अनोळखी डॉक्टरने पूर्वीचे उपचार कसे जाणावेत? अशा वेळी पडद्यावर उमटणारी नोंद प्राणरक्षक ठरू शकते.

तरीही डॉक्टरांचे मन द्विधा असते, आणि ते स्वाभाविक आहे. पूर्वेतिहास हाती असावा असे त्यांना वाटते. पण आपण लिहिलेले उद्या दहाजण वाचतील, या जाणिवेने त्यांचा हात आखडतो. चुकून झालेली नोंद रुग्णाच्या मागे गावोगाव फिरते. शिवाय, टंकलेखनात गुंतलेली नजर रुग्णाच्या चेहऱ्याकडे वळायची राहून जाते. रुग्णाचे भय याहून खोल आहे. क्षयरोग, व्यसन, मनाचा आजार यांचा बोभाटा होईल असे वाटले, की तो डॉक्टरपासूनच सत्य लपवितो. मग ती नोंद सर्वांना दिसते खरी, पण ती खोटी असते. म्हणजे गोपनीयता ही उपचारांच्या आड येत नाही. तिच्याच पायावर उपचार उभे राहतात.

कायद्याने हे ओळखले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती ही मोकळी, माहितीपूर्ण आणि विनाअट असावी लागते. परंतु तेंदूपानाची मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला "इथे अंगठा लावा" एवढेच सांगितले, तर ती संमती कशी म्हणावी? ज्याला 'नाही' म्हणण्याची सोयच नाही, त्याच्या 'हो'ला नैतिक वजन नसते.

आम्हां धर्मगुरूंना या प्रश्नाची एक बाजू ठाऊक आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९८३ वा नियम पापनिवेदनाची गुप्तता अभंग ठेवतो, हे आपण जाणता. त्यापुढचा नियम कमी परिचित आहे: गुपित फुटण्याचा धोका नसला, तरीही त्या माहितीचा उपयोग त्या व्यक्तीच्या अहितासाठी करू नये. दवाखान्यातील नोंद म्हणजे संस्कार नव्हे. डॉक्टरने ती योग्य कारणासाठी दुसऱ्या डॉक्टरला दाखविणे हे त्याचे कर्तव्यही असते. पण माहिती बरे करण्यासाठी दिली गेली, ती तोलून नाकारण्यासाठी वापरू नये, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

कोणी विचारील, मग जन्माला येणाऱ्या बाळाचे काय? त्याच्या हितासाठी सत्य कळायला नको का? अवश्य कळावे. परंतु ते ज्याचे आहे त्याच्या मुखातून यावे, चोरवाटेने नव्हे.

आम्ही त्या बाईंना नकार दिला आणि विचारले, "बाई, तुमच्या मुलाची तपासणी झाली आहे का?" त्या गप्प झाल्या. झाली नव्हती. मुलीचे कार्ड पाहण्याची घाई होती. मुलाचेही रक्त असते, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. "आधी त्याला तपासणीला पाठवा. मग दोघांनी एकमेकांसमोर बसून आपापले कार्ड स्वतःच्या हाताने दाखवावे," आम्ही म्हणालो.

त्या थोड्याशा नाराजीनेच उठल्या. दाराशी थांबून मात्र त्यांनी विचारले, "तपासणी कोणत्या वारी असते, फादर?"