पाला मोकळा, फुलोरा कोठडीत

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. कुठल्याच पिकाला धड भाव मिळत नाही, कारखाने उसाची बिले वेळेवर देत नाहीत, गांजाला मात्र बाजारात चांगला दर आहे. तेव्हा दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्यावी, अशी त्याची मागणी होती. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे समजून दुसऱ्या दिवसापासून लागवड सुरू करू, असेही त्याने लिहून टाकले. प्रशासनाने अर्ज पोलिसांकडे धाडला, पोलिसांनी तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला आणि वर्तमानपत्रांना एक चटकदार बातमी मिळाली.

अर्जातला उपरोध सगळ्यांना कळला. पण त्याला कायद्याने उत्तर द्यायचे तर ते ‘गांजा लावता येत नाही’ एवढ्यावर भागणारे नव्हते. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचे कलम १० गांजाच्या झाडाच्या लागवडीला परवाना देण्याचा अधिकार राज्य सरकारला देते. कलम १४ नुसार धाग्यासाठी आणि बियांसाठी लागवड करू देता येते. उत्तराखंडने २०१८ मध्ये हीच वाट धरून औद्योगिक लागवडीचा परवाना दिला. अट एकच : नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य ०.३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. वाण वेगळे आणि कामही वेगळे, हे खरेच. तरीही एका राज्यात जे झाड गुंतवणुकीच्या धोरणात बसते, तेच दुसऱ्या राज्यात तुरीच्या ओळींत सापडले तर कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. त्यासाठी वजनाचा प्रश्नही येत नाही, विनापरवाना लागवड पुरेशी असते.

विसंगती इथेच थांबत नाही. जैसलमेरला किल्ल्याच्या दाराशी भांगेचे सरकारमान्य दुकान आहे आणि परदेशी पाहुणे त्याच्या पाटीसमोर फोटो काढून घेतात. वाराणसीत भांगेचे परवानाधारक ठेके आहेत. महाराष्ट्रात भांग १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते. पण एनडीपीएसच्या व्याख्येत ती नाही. त्या कायद्याला गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळावर आलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर पाने आणि बिया वगळलेल्या आहेत. तेव्हा पाला वाटून दुधात घोटला तर तो अबकारी खात्याचा विषय, आणि त्याच झाडाचा फुलोरा चिलमीत भरला तर तो अमली पदार्थांचा गुन्हा.

ही रेघ कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेली नाही, ती वाटाघाटीतून आली आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाला अफू आणि हेरॉइनच्या रांगेत बसवले गेले, तेव्हा पाने आणि बिया व्याख्येबाहेर राहिल्या. भारतासारख्या देशांना जुनी वहिवाट मोडायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. करार डिसेंबर १९६४ मध्ये अमलात आला, म्हणजे मुदत १९८९ ला संपणार होती. तोवर अनेक राज्यांत गांजा परवान्याच्या दुकानांतून विकला जात होता आणि त्यावरचा कर तिजोरीत पडत होता. राजीव गांधी सरकारने २३ ऑगस्ट १९८५ रोजी लोकसभेत विधेयक मांडले. १६ सप्टेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि १४ नोव्हेंबरपासून कायदा लागू झाला. शतकानुशतकांचा व्यवहार गुन्हा ठरवायला संसदेला महिनाही लागला नाही.

खरे तर या देशात गांजावर एक दीर्घ आणि गंभीर चौकशी आधीच होऊन गेली होती. डब्ल्यू. एस. केन या ब्रिटिश खासदाराने १८९३ मध्ये पार्लमेंटात प्रश्न उपस्थित केला आणि त्यातून ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. सात सदस्यांत तीन भारतीय होते. कमिशनने हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवन घातक आहे, सरसकट बंदी गरजेची नाही आणि शहाणपणाचीही नाही, कर आणि परवान्यांनी वापर आवरावा, असा त्याचा सारांश. साम्राज्याला महसूल हवा होता, हे इथे विसरून चालणार नाही. तरी त्या अहवालातला एक भाग आजही थक्क करतो.

गांजाने वेड लागते, असा समज तेव्हा रूढ होता आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळांतल्या आकड्यांचा आधार दिला जाई. सदस्यांनी आकड्यांवर विश्वास न ठेवता मूळ कागद मागवले. रुग्ण दाखल करताना एक माहितीपत्रक भरावे लागे, त्यात ‘वेडाचे कारण’ असा रकाना असे. तो कोरा ठेवलेला वरच्यांना चालत नसे. रस्त्यावर भरकटणारा, नाव-गाव न सांगणारा माणूस पोलिसांनी आणला की कारण कुणाला ठाऊक? मग तिथे ‘गांजा’ लिहून कागद पुढे सरकवला जाई. १८९२ मधल्या अशा २२२ नोंदी कमिशनने एकेक करून तपासल्या, नातेवाइकांकडे आणि गावांत विचारपूस करवली, तेव्हा जेमतेम ९८ टिकल्या. रकाना भरण्याची ही घाई पुढे कायद्यातही शिरली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९८५ च्या कायद्याची धार १९८९ मध्ये आणखी वाढली. जामीन जवळपास अशक्य करणारे कलम ३७ आले, काही गुन्हे दुसऱ्यांदा केल्यास फाशी सक्तीची झाली. ती सक्ती २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. मधल्या काळात, २००१ मध्ये, वजनानुसार शिक्षेच्या पायऱ्या आल्या : गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोच्या वर व्यापारी. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण वजन कशाचे करायचे? पंचनाम्यात ‘उग्र वासाचा हिरवट पाला, काड्या, बोंडे, बियांसह’ असे लिहिले जाते आणि पोते जसेच्या तसे काट्यावर चढते. शेंड्यांशिवायचा पाला कायद्याने गांजा नसेल, तर वीस किलोंत खरा गांजा किती? मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर एका आरोपीला अटकपूर्व जामीन दिला. जप्त केलेल्या हिरवट पाल्यात फुललेले शेंडे होते, असे कागदावर कुठेच नव्हते. चांगला वकील परवडणाऱ्याला व्याख्येचा असा आधार घेता येतो. मुळांसकट उपटलेली ओली झाडे ज्याच्या नावावर मोजली गेली, त्याला ही व्याख्या वाचून दाखवणारेही कोणी नसते.

कायद्याचा खरा मार कुणाला बसतो, हे मुंबईच्याच कनिष्ठ न्यायालयांत दिसते. ‘विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी’ने २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांतल्या, दंडाधिकाऱ्यांपुढच्या दहा हजारांवर प्रकरणांचा अभ्यास केला. त्यांतली जवळपास सगळी निव्वळ सेवनाची होती आणि ८७ टक्क्यांच्या आसपास गांजाची. मोठे तस्कर पकडण्यासाठी केलेला कायदा पदपथावर चिलीम ओढणाऱ्या रोजंदारीच्या माणसांवर खर्च होतो. वृत्तवाहिन्यांवर मात्र गाजतात त्या क्रूझवरच्या अमली पदार्थविरोधी धाडी आणि नटनट्यांचे चॅट.

मग सुधारणा का होत नाही? सुधारणा होतात, पण आडवाटेने. कुणी म्हणते कापडासाठी धागा, कुणी म्हणते कर्करुग्णांसाठी तेल, कुणी म्हणते शेतांची नासधूस करणारी माकडे ज्याला तोंड लावत नाहीत असे पीक. हिमाचल प्रदेशात २०२३ मध्ये महसूलमंत्री जगत सिंह नेगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये विधानसभेने औषधी व औद्योगिक लागवडीचा ठराव केला. पुढच्या जानेवारीत मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणी इथल्या विद्यापीठांना प्रायोगिक अभ्यासाला मान्यता दिली. सरकारवर कर्जाचा डोंगर आहे, लागवडीतून महसूल हवा आहे आणि हा हिशेब कुणी लपवत नाही. गोव्यात डिसेंबर २०२० मध्ये कायदा खात्याने औषधी लागवडीच्या प्रस्तावाला हिरवा कंदील दाखवल्याची बातमी फुटताच विरोधक तुटून पडले आणि मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी हात झटकले. ज्याच्या पर्यटनाच्या नावाने बोटे मोडली जातात त्या राज्यात ‘गांजा’ हा शब्द फाइलवर असणेही महागात पडते.

या आडवाटांवर सेवन करणाऱ्याचा उल्लेख होत नाही. लोकसभेत पटियालाचे धर्मवीर गांधी यांनी २०१६ मध्ये खासगी विधेयक आणण्याचा प्रयत्न केला. ते पेशाने डॉक्टर. पंजाबातला तरुण अफू-गांजा सोडून हेरॉइनकडे वळला तो बंदीमुळे, हे त्यांचे प्रतिपादन. ओडिशाचे तथागत सतपथी ही बंदी म्हणजे गरिबांच्या नशेवरचा उच्चभ्रू राग आहे, असे उघड बोलत. दोघांचे ऐकून घेतले गेले, त्यापलीकडे काही झाले नाही. गरिबाची सुटका मागणाऱ्याला मत मिळत नाही, आणि ‘पोरांच्या हातात चिलीम देणारे’ ही शिवी मात्र निवडणुकीत लगेच चिकटते.

२०२१ साल या बाबतीत बोलके आहे. अल्प प्रमाणात जवळ बाळगणाऱ्यांना गुन्हेगार न मानता उपचाराकडे वळवावे, अशी शिफारस सामाजिक न्याय मंत्रालयाने त्या वर्षी केल्याचे वृत्त आले. हिवाळी अधिवेशनात एनडीपीएस दुरुस्ती विधेयक आलेही. पण ते भलतेच निघाले. २०१४ च्या दुरुस्तीत व्याख्यांचे क्रमांक बदलले होते आणि अवैध व्यापाराला पैसा पुरवणाऱ्यांना शिक्षा सांगणारे कलम २७-अ जुन्याच क्रमांकाकडे बोट दाखवत राहिले. दहा ते वीस वर्षांची शिक्षा सांगणारे कलम सात वर्षे चुकीच्या व्याख्येला लटकत होते. याच कलमाखाली २०२० मध्ये एका अभिनेत्रीला अटक झाली होती. त्रिपुरा उच्च न्यायालयाने चूक दाखवली, सरकारने सप्टेंबरअखेर वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये संसदेने क्रमांक दुरुस्त केला. तोही पूर्वलक्षी प्रभावाने! माणसांचा विचार पुढच्या अधिवेशनांवर गेला, तो अजून तिथेच आहे.

सरसकट मोकळीक मागणाऱ्यांनी थायलंडकडे पाहावे. तिथे भूमजायथाई पक्षाने २०१९ च्या निवडणुकीत घरटी सहा झाडांचे आश्वासन दिले. त्याचे नेते अनुतिन चार्नवीराकुल आरोग्यमंत्री झाले आणि ९ जून २०२२ रोजी गांजाचे झाड अमली पदार्थांच्या यादीतून बाहेर पडले. तीन हजारांहून अधिक कैदी सुटले, ही त्यातली नि:संशय चांगली गोष्ट. पण विक्रीचे नियम सांगणारा कायदा मागून येणार होता आणि तो संसदेत अडकून २०२३ च्या निवडणुकीआधी बारगळला. मधल्या पोकळीत बँकॉकच्या गल्लोगल्ली दुकाने उघडली. जून २०२५ मध्ये हा पक्ष सरकारमधून बाहेर पडला आणि आठवडाभरात आरोग्य खात्याने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला मनाई केली. ज्या छोट्या दुकानदारांनी कर्ज काढले होते, ते आघाडीच्या भांडणात भरडले गेले. आरोग्याचा युक्तिवाद दोन्ही वेळा पुढे केला गेला, निर्णय दोन्ही वेळा जागांच्या गणितावर झाला.

जर्मनीने एप्रिल २०२४ मध्ये उलट क्रम धरला : प्रौढाला २५ ग्रॅम जवळ बाळगण्याची आणि घरी तीन झाडे लावण्याची मुभा आधी दिली, दुकाने उघडली नाहीत. तिथेही वाद शमलेला नाही. पण आधी माणूस सोडवायचा आणि बाजाराचे नंतर पाहायचे, हा क्रम भारतासाठीही जास्त योग्य आहे. गांजा निरुपद्रवी आहे, असे म्हणण्याची त्यासाठी गरज नाही. कोवळ्या वयातले नियमित सेवन आणि आजचे तीव्र वाण मानसिक आजाराची जोखीम वाढवतात, याचे पुरावे भक्कम आहेत. एम्सच्या नेतृत्वाखालील २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीने भांग, गांजा, चरस घेणाऱ्यांची संख्या सुमारे ३.१ कोटी सांगितली. त्यांतले साधारण २.२ कोटी भांग घेणारे, म्हणजे बव्हंशी एनडीपीएसच्या कक्षेबाहेरचे. गांजा-चरस घेणाऱ्या सव्वा कोटीच्या आसपासच्या लोकांपैकी (काही जण दोन्ही गटांत मोडतात) ज्यांना मदत लागते त्यांना ती द्यायची, की आयुष्यभर पुरणारी पोलिसी नोंद, हा प्रश्न आहे.

त्याचे अर्धे उत्तर कायद्यातच पडून आहे. व्यसनी माणसाने स्वेच्छेने उपचार पत्करले तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात खटल्यातून सूट देणारे कलम ६४-अ अस्तित्वात आहे. पण ते आरोपीला माहीत हवे, त्याने ते मागायला हवे आणि जवळपास उपचार केंद्रात जागा हवी. दुपारच्या आत दंड भरून कामावर परतायची घाई असलेला हमाल गुन्हा कबूल करतो, कारण तारखा घेत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडते. सुधारणेला सुरुवात करायचीच असेल, तर अल्प प्रमाणासाठी कलम २० मधली आणि सेवनासाठी कलम २७ मधली कैद काढून टाकणारी चार ओळींची दुरुस्ती हिमाचलच्या प्रायोगिक शेतांच्या अहवालाआधी संसदेपुढे येऊ शकते. तिला बियाणे लागत नाही, गुंतवणूकदार लागत नाही. तिला लागतो एक मंत्री, जो विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत ‘सेवन करणारा’ हे दोन शब्द धागा आणि तेलाच्या आड न लपवता लिहील.