एक्झिट म्हटलं, पण बंद काय झालं?

पुण्यात पाषाणच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये सी-डॅकने ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक उभारला. संशोधक त्यावर लॉगिन करतो, एक शेल स्क्रिप्ट लिहितो आणि ती कामांचं वाटप करणाऱ्या ‘स्लर्म’च्या रांगेत लावतो. नंबर लागला की काम चालतं ते भलत्याच नोडवर, संशोधकाच्या नजरेआड. एवढ्या मोठ्या यंत्राला हुकूम सोडणारी ही फाइल मात्र साधी, आणि तिच्यातल्या फंक्शनला आपण कुठे चालतो आहोत याची आपणहून काहीच कल्पना नसते.

समजा, इनपुट फाइल सापडली नाही तर तक्रार स्टँडर्ड एररवर छापून ‘एक्झिट’ करणारं एक फंक्शन आहे. स्क्रिप्ट सरळ चालवली तर ती तिथेच थांबते; हवं तेच झालं. तीच फाइल ‘सोर्स’ केली, म्हणजे चालू शेलमध्येच वाचून चालवली, तर लॉगिन शेलच बंद होतं, आणि माणूस इंटरनेटला शिव्या देत बसतो. पण खरा दगा तिसऱ्या प्रकारात आहे. फंक्शनचं उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्यायला ते $( ) मध्ये बोलावलं, की ते सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत चालतं. एक्झिटने मरतं ते सबशेल; मुख्य स्क्रिप्ट रिकामं व्हेरिएबल घेऊन बिनधास्त पुढे जाते.

१९७९ च्या मूळ बोर्न शेलमध्ये फंक्शनं नव्हतीच. ती काही वर्षांनी आली. नवी खोली जुन्या वाड्याला जोडली, भिंती त्याच राहिल्या: ‘एक्झिट’ आजही फंक्शन नव्हे, शेलच बंद करतं.

फंक्शन कुठे चालतं आहे हे ओळखायची साधनं बॅश या शेलमध्ये आहेत. ‘बॅश सबशेल’ हा आकडा शून्याहून मोठा असेल तर आपण आतल्या शेलमध्ये आहोत. $$ वर मात्र विसंबू नये, कारण सबशेलमध्येही ते मूळ शेलचाच क्रमांक सांगतं. खरा क्रमांक ‘बॅश पीआयडी’ देतं. ‘फंकनेम’च्या यादीत कोणी कोणाला बोलावलं ते दिसतं. स्लर्मचा जॉब-क्रमांक व्हेरिएबलमध्ये आहे की नाही, यावरून रांगेतलं काम आणि हाताने चालवलेली स्क्रिप्ट वेगळी ओळखता येते.

चूक शोधताना हे सगळं उपयोगी. पण त्या भरवशावर फंक्शनचं वागणं ठरवणं म्हणजे दुखणं लांबवणं. कमांड फसताच थांबवणारा ‘सेट -ई’ लावलेलं फंक्शन ‘इफ’च्या अटीत बोलावलं, तर आत कमांड फसली तरी ते थांबत नाही. गंमत म्हणजे चालू पर्याय दाखवणाऱ्या $- मध्ये ‘ई’ तसाच दिसतो, त्यामुळे आपली सुरक्षा काढून घेतली आहे हे फंक्शनला कळायला मार्गच नाही.

म्हणून फंक्शनने ‘रिटर्न’ने अपयश कळवावं आणि थांबायचं की नाही हे बोलावणाऱ्याने ठरवावं. बोलावणाऱ्यानेही ते अपयश वाचायला हवं: ‘लोकल’ आणि $( ) एकाच ओळीत लिहिलं तर हाती लागतो तो ‘लोकल’चा निकाल, फंक्शनचा नाही. पुढची स्क्रिप्ट रांगेत लावण्याआधी तिच्यातल्या फंक्शनांत ‘एक्झिट’ कुठे कुठे लपलंय, ते एकदा ग्रेप करून पाहा.