इमानाची साक्ष आणि इमानाचे ऋण

युद्धावरून परतलेला सैनिक, त्याच्या पायाशी बसलेला कुत्रा, अज्ञात संकटाने घेरलेली नायिका आणि त्या संकटाचा उलगडा होत असताना दोघांत फुलत गेलेले प्रेम, हा ‘रोमँटिक सस्पेन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी कादंबरीचा एक परिचित साचा आहे. गंभीर समीक्षेने या साच्याकडे सहसा लक्ष दिलेले नाही. त्यात वाङ्मयीन नावीन्य थोडे असते हे खरेच. परंतु त्यात कुत्र्याला जे स्थान दिलेले असते, त्यामागे एक नैतिक गृहीतक दडलेले आहे आणि ते तपासून पाहण्याजोगे आहे.

अशा कादंबरीत नायिकेला नायकाचा भूतकाळ ठाऊक नसतो. युद्धात त्याने काय पाहिले, कोणाला मारले, कोणाला वाचवले, हे तो बोलून दाखवत नाही. रहस्यकथेच्या नियमानुसार त्याच्याविषयी संशयालाही जागा ठेवलेली असते. अशा वेळी कुत्र्याने त्याच्यावर टाकलेला निःशंक विश्वास नायिकेच्या आणि पर्यायाने वाचकाच्या मनात संक्रमित होतो. मुके जनावर ज्याला इतके जीव लावते, तो माणूस वाईट असणार नाही, असा हा तर्क आहे. प्रश्न असा की, प्राण्याचे इमान माणसाच्या चांगुलपणाची साक्ष ठरू शकते काय?

या साच्याचे मूळ शोधू गेल्यास होमरच्या ‘ओडिसी’पर्यंत जावे लागते. दहा वर्षे ट्रॉयच्या युद्धात आणि आणखी दहा वर्षे परतीच्या प्रवासात घालवून ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात स्वतःच्या घरी येतो. पत्नी पेनेलोपी विवाहेच्छूंच्या गराड्यात सापडली आहे आणि ओळख उघड झाली तर त्याच्या जिवाला धोका आहे. दाराबाहेर शेणाच्या ढिगावर, गोचिडांनी भरलेला, म्हातारा अर्गोस पडलेला आहे. युद्धावर जाण्यापूर्वी ओडिसियसनेच त्याला वाढवले होते. अर्गोस धन्याला ओळखतो, कान पाडतो, शेपूट हलवतो. जवळ येण्याचे बळ मात्र त्याच्यात उरलेले नाही. ओडिसियस सोबतच्या युमेअसला दिसू न देता डोळा पुसतो आणि पुढे जातो. विसाव्या वर्षी धन्याला पाहून अर्गोस प्राण सोडतो.

या प्रसंगातील कारुण्य सर्वांना जाणवते. त्यातील नैतिक पेच तितकासा लक्षात घेतला जात नाही. रहस्य टिकवायचे तर धन्याला कुत्र्याकडे अनोळखी नजरेने पाहणे भाग आहे. कुत्र्याला वेषांतर कळत नाही आणि कावाही कळत नाही. वीस वर्षे जपलेल्या इमानाला उत्तर म्हणून त्याला एक लपवलेला अश्रू मिळतो आणि तोही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

शिवाय अर्गोसच्या ओळखीने ओडिसियसच्या वर्तनाविषयी काहीच सिद्ध होत नाही. हाच ओडिसियस पुढे विवाहेच्छूंची कत्तल करतो आणि त्यानंतर घरातील बारा दासींना फासावर लटकवले जाते. कुत्र्याने धनी ओळखला, त्याचा न्याय केला नाही. म्हणूनच पेनेलोपी लगेच विश्वास ठेवत नाही, ही गोष्ट महत्त्वाची ठरते. शय्येचे गुपित काढून ती त्याची परीक्षा घेते. तिच्या संशयामुळे तिच्या प्रेमाला उणेपणा येत नाही. विश्वास टाकावा की न टाकावा हा विकल्प तिच्यासमोर होता, म्हणून तिच्या विश्वासाला नैतिक मोल आहे. कुत्र्याच्या इमानाचा आधार घेऊन नायिकेला या परीक्षेतून मोकळे करणारी कादंबरी तिच्यावर अन्यायच करते.

मग कुत्र्याच्या इमानाला नैतिक अर्थच नाही काय? या प्रश्नाचे वेगळे उत्तर महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात सापडते. युधिष्ठिर हाही युद्धातून उरलेला माणूस आहे आणि अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयीचे अर्धसत्य त्याच्या नावावर आहे. हस्तिनापुराहून निघाल्यापासून एक कुत्रा त्याच्या मागे चालत येतो. तो त्याने पाळलेला नाही; खाल्ल्या मिठाला जागण्याचा संबंध येथे नाही. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडण्यास सांगतो. द्रौपदीला आणि भावांना सोडलेस, मग याचा मोह का, असेही विचारतो. युधिष्ठिराचे उत्तर असे की, ते मृत झाल्यावर आपण पुढे आलो. जिवंतपणी त्यांना टाकले नाही आणि आश्रयाला आलेल्याला टाकणे हे महापातक आहे. पुढे तो कुत्रा धर्म असल्याचे प्रकट होते. परंतु युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो तेव्हा त्याच्यासमोर केवळ एक कुत्रा असतो, हे विसरता कामा नये. येथे कसोटी माणसाची लागते.

काम न करू शकणाऱ्या कुत्र्याला गोळी घालणाऱ्या धन्याचा दाखला कांटनेही आपल्या नीतिविषयक व्याख्यानांत दिला होता. त्याच्या मते कुत्र्याला विवेकबुद्धी नसल्यामुळे त्याच्याप्रति कर्तव्यभंग होत नाही. धन्याच्या स्वतःच्या माणुसकीला मात्र धक्का लागतो. युधिष्ठिराची भूमिका याहून पुढे जाते. त्याच्या दृष्टीने ऋण कुत्र्याचेच आहे.

हा वाद केवळ ग्रंथांपुरता राहिलेला नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे ४,००० कुत्रे वापरले. लष्कराच्या लेखी ते साहित्यसामग्रीत जमा होते. सैन्य परतले तेव्हा बहुतेकांना मागे ठेवण्यात आले किंवा मारण्यात आले. ज्यांचे प्राण या कुत्र्यांनी वाचवले होते, त्या सैनिकांपैकी अनेकांना हे शल्य आयुष्यभर सलत राहिले. निवृत्त लष्करी कुत्र्यांना दत्तक देण्याची वाट मोकळी करणारा ‘रॉबीज लॉ’ नोव्हेंबर २००० मध्ये झाला. ज्याच्या नावाने तो कायदा झाला, त्या रॉबीला मात्र घर मिळाले नाही. जानेवारी २००१ मध्ये त्याला वेदनारहित मृत्यू देण्यात आला.

परतलेल्या सैनिकाची आणि त्याच्या कुत्र्याची कथा सांगणाऱ्या लेखकासमोर म्हणूनच दोन मार्ग आहेत. कुत्र्याच्या इमानावर नायकाचे चारित्र्य सिद्ध करून घेणे हा सोपा मार्ग झाला. त्यात कुत्रा हे कथेचे साधन ठरते. लष्कराने त्याला सामग्री मानले, तसेच कादंबरीही मानते. दुसरा मार्ग अवघड आहे. कुत्रा म्हातारा झाला, त्याचे कान मंदावले, धोक्याची चाहूल देणे त्याला जमेनासे झाले, की नायक काय करतो हे तेथे दाखवावे लागते. नायिकेला त्याची पारख करायची असेल, तर ती येथेच करता येईल. कुत्रा त्याच्यावर किती विश्वास टाकतो यापेक्षा, ज्याच्याकडून आता काहीच मिळण्यासारखे नाही त्याच्यासाठी तो थांबतो की नाही, हे तिने पाहिलेले बरे. इमान हे मिळालेल्याच्या अंगी ऋण म्हणून राहते. ते फेडण्याची पाळी येईपर्यंत त्याच्याविषयी निर्णय देता येत नाही.