गुरुवारचे चिंतन : घाबरलेल्याशी वाद घालू नये

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



महिन्यापूर्वी इंदूरच्या सत्संगात आरती झाल्यावर आपल्या एक काकू मागे थांबल्या. मनगटावर काळानिळा डाग होता. विचारलं तर आधी म्हणाल्या, "दार लागलं." मग रडूच फुटलं. काकांना दोन वर्षांपासून विस्मरणाचा आजार, म्हणजे डिमेन्शिया आहे. रात्री दोन-अडीचला ते ओरडत उठतात, हातपाय झाडतात. "पट्टा थांबवा! अरे, पट्टा थांबवा!" काकू धरायला गेल्या की त्यांना ढकलून देतात. सकाळी त्यांना यातलं काही आठवत नाही, शांतपणे चहा मागतात. रात्र आठवते ती एकट्या काकूंना.

काकूंचं खरं दुःख पुढेच होतं. "काल माझाही हात उठला हो. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात झालं नाही ते झालं. आता गुरुचरणांशी बसायचा मला अधिकार आहे का?"

काकूंच्या परवानगीनं, नाव न देता हे लिहीत आहोत. असं घर आपल्या परिवारात एकच नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

*आधी आमची चूक*

सहा महिन्यांपूर्वी काकूंनी मंडळात हे थोडंसं सांगितलं होतं. तेव्हा आम्ही काय केलं? कुणी उतारा सुचवला, कुणी पत्रिका दाखवायला सांगितली, कुणी "बाहेरचं असेल" म्हणालं. रात्रभर उशाशी मोबाइलवर रामरक्षा लावून ठेवा, असा सल्ला आम्ही सगळ्यांनीच दिला. त्यानं झालं उलटंच. अंधारात न दिसणाऱ्या माणसाचा आवाज ऐकून काका जास्तच घाबरले. "कोण बोलतंय? घरात कोण शिरलंय?" दोष रामरक्षेचा नव्हता. काकांची अवस्था न विचारता सल्ला देणाऱ्या आमचा होता.

महाराजांच्या कानावर हे घातलं, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "डॉक्टरांना रात्रीचं सांगितलंत का?" नव्हतं सांगितलं. दिवसाचं विसरणं सांगितलं होतं, रात्रीचं लाजेपोटी राहून गेलं. महाराज स्पष्ट बोलले. ही बाधा नाही, पूर्वजन्मीची शिक्षा नाही. हा मेंदूचा आजार आहे. नाम घ्यावं आणि औषधही घ्यावं, एकासाठी दुसरं सोडू नये.

*दोरी, साप आणि धडधड*

तिन्हीसांजेला दोरी पाहून सापाचा भास होतो, हा वेदान्तातला दृष्टान्त आपण कितीदा ऐकला आहे. दिवा आणला की साप नाहीसा, असा आपण शेवट करतो. महाराजांनी मधल्या क्षणाकडे लक्ष वेधलं. साप खोटा असेल, पण छातीतली धडधड खरी असते, घाम खरा असतो.

मांडूक्य उपनिषदात मंत्र अवघे बारा. त्यांत जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि त्यापलीकडची चौथी अवस्था सांगितली आहे. स्वप्न चालू असतं तोवर ते स्वप्न पाहणाऱ्याला खरंच असतं. आपण दचकून उठतो, पण पुढच्याच क्षणी ओळख पटते की ही माझी खोली, मी सुखरूप आहे. ही ओळख म्हणजे आपला दिवा. या आजारात तोच दिवा मंद होतो. डोळे उघडतात, तरी स्वप्न संपत नाही. अशा माणसाला "काही नाही, स्वप्न होतं, झोपा गुपचूप" म्हणणं म्हणजे अंधारात उभ्या असलेल्याला "नीट बघ, दोरी आहे" म्हणण्यासारखं. बघणार कशानं? दिवा आपणच व्हायचं असतं.

काकूंनी विचारलं, "ते पट्टा थांबवा म्हणतात. मी थांबवला म्हणू? हे खोटं बोलणं नाही का?"

काका मिलमध्ये होते. तरुणपणी त्यांच्या डोळ्यांदेखत एका सोबत्याचा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला होता. घरी ते कधी बोलले नाहीत. आज नातवंडांची नावं गेली, पण तो पट्टा मनात फिरतोच आहे.

महाराजांनी गीतेच्या १७ व्या अध्यायाची आठवण करून दिली. तिथे वाणीचं तप सांगताना बोलणं सत्य, प्रिय आणि हिताचं असावं असं सांगितलं आहे. पण या सगळ्याच्या आधी, ते दुसऱ्याला उद्वेग न देणारं असावं, असं म्हटलं आहे. मग त्यांनी विचारलं, "ती मिल आज चालू आहे का?"

"छे! बंद पडून तीस वर्षं होऊन गेली."

"मग पट्टा थांबलेलाच आहे. खरं तेच सांगा."

*काकूंनी काय बदललं*

▪️ डॉक्टरांना सगळं सांगितलं. स्वप्नाच्या झोपेत एरवी शरीर सैल पडलेलं असतं. लेवी बॉडी डिमेन्शिया, पार्किन्सन अशा आजारांत हे बंधन सुटतं आणि माणूस स्वप्नातलं हातापायांनी करू लागतो. आठवणीसाठीच्या काही गोळ्या रात्री घेतल्या तरी स्वप्नं तीव्र होऊ शकतात. डॉक्टरांनी काकांची गोळी रात्रीऐवजी सकाळी दिली. आपल्या मनानं गोळी बदलू नये, झोपेची गोळी तर मुळीच देऊ नये.

▪️ भ्रम किंवा भीती अचानक वाढली तर लघवीचा संसर्ग, ताप, बद्धकोष्ठ, दुखणं असू शकतं. लगेच दाखवावं.

▪️ खोलीत मंद दिवा ठेवला, आरशावर पडदा टाकला. पलंगाजवळचं टेबल आणि काचेचा तांब्या हलवला, खाली गादी घातली.

▪️ संध्याकाळनंतर चहा बंद, रात्रीच्या बातम्या आणि मारामारीच्या मालिका बंद. सकाळी उन्हात फेरी. रामरक्षा आता सांजवातीच्या वेळी दोघं मिळून म्हणतात. नावं विसरणाऱ्या काकांना ती मात्र येते.

▪️ काका ओरडले की काकू त्यांना धरत नाहीत, हलवत नाहीत. हातभर लांबून, समोरून, हळू आवाजात बोलतात. "मी आहे. पट्टा थांबला. तुम्ही घरी आहात." काका शांत झाले की मगच हात हातात घेतात.

▪️ काकू आता त्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर झोपतात. यात पत्नीधर्म मोडत नाही.

*प्रायश्चित्त*

हात उठला त्याचं प्रायश्चित्त काकूंनी मागितलं. त्यांना वाटलं, महाराज पारायण सांगतील. महाराजांनी सांगितलं, आठवड्यातून दोन रात्री पूर्ण झोप घ्यायची. महिनोन्महिने न झोपलेल्या देहाकडून क्षमा आणि धीर कुठून निघणार? आता शनिवारी काकांचे धाकटे भाऊ देवासहून येतात, मंगळवारी शेजारचे गुरुबंधू थांबतात. दोघंही काकांच्या ओळखीचे, म्हणून काका बुजत नाहीत.

स्वप्नं संपलेली नाहीत. आजार हटणारा नाही, हे काकूंना माहीत आहे. पण परवा रात्री ओरडून झाल्यावर काकांनी विचारलं, "मिल सुटली?" काकू म्हणाल्या, "सुटली. तुम्ही घरी आलात." काकांनी त्यांचा हात धरला आणि पाच मिनिटांत झोपले. काकू म्हणाल्या, "त्या रात्री मी जप केला नाही. नुसता हात धरून बसले. चालेल ना?"

चालेल, काकू. तोच जप होता.

*या आठवड्याचा संकल्प :* आपल्या गटात असं घर असेल तर उपाय पाठवू नका. "रात्र कशी जाते?" एवढं विचारा, आणि जमलं तर एक रात्र वाटून घ्या. सल्ल्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

बेळगाव, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबादच्या कुटुंब-गटांतही हे चिंतन वाचून दाखवावे, ही विनंती.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥ 🙏