गोळीने बुद्धी वाढत नाही

अमेरिकेतल्या विद्यापीठांत परीक्षा जवळ आली की ॲडरॉलच्या गोळ्या हातोहात फिरू लागतात. एडीएचडी (लक्ष एकाग्र न होण्याचा विकार) असलेल्या मित्राला डॉक्टरांनी दिलेली गोळी निरोगी मुलगा रात्रभर अभ्यास रेटण्यासाठी घेतो. त्याच वसतिगृहांत आपल्या मराठी घरांतली मुलेही राहतात, त्यामुळे हा प्रश्न आपलाही आहे.

मोह जुनाच आहे. मिनेसोटा विद्यापीठातले विद्यार्थी १९३७ मध्ये बेन्झेड्रिन हे ॲडरॉलसारखेच ॲम्फेटामिन घेऊन अभ्यासाला बसत होते. ही औषधे मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन वाढवतात. झोप पळते, कंटाळा ओसरतो. मेंदूशास्त्रज्ञ नोरा व्होल्को आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले, की एडीएचडीवरचेच मिथिलफेनिडेट हे औषध घेतल्यावर निरोगी माणसांना गणिते अधिक रंजक वाटू लागतात. काम रंजक वाटले, म्हणून ते चांगले होते का?

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१३ मध्ये ४६ निरोगी तरुणांना कधी ॲडरॉल, तर कधी औषध नसलेली गोळी देऊन तपासले. बौद्धिक कसोट्यांत ठोस फरक पडला नाही. ॲडरॉल घेतल्यावर मात्र आपली कामगिरी सुधारली, असे त्यांना वाटत होते. मेलबर्न विद्यापीठाच्या २०२३ च्या प्रयोगात अवघड कोडी सोडवताना अशी औषधे घेतलेल्यांनी कष्ट जास्त घेतले, पण त्या कष्टांचा दर्जा घसरला. औषधाविना जे सरस होते, ते औषध घेतल्यावर सरासरीखाली गेले. काही अभ्यासांत स्मरणशक्ती किंचित सुधारलेली दिसते, हे खरे. पण वाचलेले पक्के होते ते झोपेत, आणि गोळी नेमकी तीच हिरावून घेते. शिवाय नाडी व रक्तदाब वाढतो, सवय जडण्याचा धोका असतो आणि स्वतःची गोळी दुसऱ्याला देणे हा अमेरिकेत गुन्हा आहे.

एडीएचडी असलेल्यांसाठी हीच औषधे मोठा आधार आहेत. त्यांच्याकडे संशयाने पाहणे अन्यायाचे ठरेल. दोष औषधाचा नाही.

ड्यूक विद्यापीठाने २०११ मध्ये अभ्यासासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याविना केलेल्या वापराची गणना परीक्षेतील गैरप्रकारांत केली. नियम हवाच, पण मुलाच्या मनात अपयशाची भीती कुणी पेरली, हे नियम विचारत नाही. ते आपण विचारायला हवे. जीपीएवरून मुलाची किंमत ठरवणारे, शेजारच्या मुलाचे दाखले देणारे आणि जागरणाला मेहनत म्हणणारे आपणच आहोत. आगरकरांचा बुद्धिवाद सांगणाऱ्या समाजाने पुरावा डोळ्यांसमोर असताना गोळीवर भोळा विश्वास ठेवू नये.

महाराष्ट्र मंडळांनी गुणवंतांचे सत्कार जरूर करावेत, पण त्याच व्यासपीठावर डॉक्टरांना बोलावून या विषयावर मुलांशी मोकळेपणी बोलावे. आईवडिलांनी फोनवर आधी झोपेची चौकशी करावी, मग मार्कांची. आणि एखादी ‘बी’ ग्रेड आली तरी घरातले आपले स्थान तसूभरही हलणार नाही, हे मुलांना परीक्षेच्या आधीच स्पष्ट शब्दांत सांगावे. निकालानंतर ते सांगायला फार उशीर झालेला असतो.