किल्लेदाराचे दान

इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशर परगण्यात हेल्मस्ली नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाला लागून एक भग्न किल्ला उभा आहे आणि तेथून तीनेक मैलांवर, राय नदीच्या अरुंद खोऱ्यात, रीव्हो येथील सिस्टर्शियन मठाचे अवशेष आहेत. गेल्या उन्हाळ्यात एका जुन्या मित्राच्या मोटारीतून आम्ही त्या भागातील मठ आणि किल्ले पाहत हिंडलो. चार दिवसांत पुष्कळ दगड पाहिले. त्यांपैकी बहुतेकांची आता मनात सरमिसळ झाली आहे. परंतु या तीन मैलांच्या वाटेवर जो प्रश्न उभा राहिला तो घरी परतल्यावरही सोबत आला, म्हणून वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

प्रश्न जुनाच आहे. सत्ताधाऱ्याने वा धनवंताने देवाच्या कार्यासाठी दिलेले दान स्वीकारावे काय, आणि स्वीकारल्यानंतर ते नेमके कोणाचे होते?

आम्हां दोघांच्या बाबतीत तो केवळ तात्त्विक नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील चर्चच्या नव्या इमारतीसाठी जमिनींचा व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थाने मोठी देणगी देऊ केली. ज्यांच्या वाड्या त्याने अडीनडीच्या वेळी स्वस्तात विकत घेतल्या होत्या, त्यांतील काही कुटुंबे दर रविवारी मिस्सेला आमच्याच बाकांवर बसत. आम्ही उभयता बांधकाम समितीवर होतो. मित्राने विरोध केला. यहूदाने परत फेकलेली तीस नाणी मुख्य याजकांनीदेखील मंदिराच्या भांडारात टाकली नाहीत, त्यांतून कुंभाराचे शेत विकत घेतले, याची त्याने भर सभेत आठवण करून दिली. आम्ही अरिमथाईकर योसेफाचा दाखला दिला: प्रभूचा देह शेवटी एका श्रीमंताच्याच कबरीत विसावला ना? बहुमत आमच्या बाजूने पडले. इमारत उभी राहिली, दाराशी संगमरवरी पाटी लागली. मित्र पुढे नोकरीनिमित्त इंग्लंडला गेला आणि आमच्यातला स्नेह नाताळच्या शुभेच्छापत्रापुरता उरला. या प्रवासाचे आमंत्रण त्याने दिले तेव्हा आम्हांला आनंदापेक्षा आश्चर्यच अधिक वाटले.

वॉल्टर एस्पेक हा बाराव्या शतकातला सरदार, उत्तरेकडे राजाच्या वतीने न्यायदान करणारा. हेल्मस्लीचा किल्ला मूळचा त्याचा, जरी आज दिसणारे दगडी काम बहुतांशी त्याच्या वारसांचे आहे. क्लेअरव्होहून संत बर्नार्ड यांनी पाठविलेल्या संन्याशांना ११३२ साली राय नदीकाठची जमीन त्यानेच दिली. जागा इतकी चिंचोळी की मठाचे चर्च रिवाजाप्रमाणे पूर्व-पश्चिम बांधता आले नाही, ते जवळजवळ दक्षिणोत्तर उभे आहे. पुढे संन्याशांनी नदीचा प्रवाहच वळवून आणखी जमीन मिळविली. संन्यासी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जपमाळ येते. येथे फावडे यायला हवे.

दोन वर्षांनी, ११३४ साली, स्कॉटलंडच्या राजदरबारातील एल्रेड नावाचा एक तरुण कारभारी कामानिमित्त या भागात आला. एस्पेकने त्याला किल्ल्यात उतरवून घेतले आणि मठ दाखवून आणला. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर एल्रेड मठावरच्या टेकडीशी पोहोचला. त्याचा चरित्रकार, त्याच मठातला वॉल्टर डॅनियल, सांगतो की एल्रेडने आपल्या एका सेवकाला, ज्याला तो मित्र म्हणत असे, विचारले: पुन्हा एकदा खाली जावे काय? मित्र हो म्हणाला. एल्रेड खाली उतरला तो कायमचाच. पुढे ११४७ पासून ११६७ मध्ये देहावसान होईपर्यंत तो तेथला मठाधिपती होता. त्याच्या काळी मठात एकशे चाळीस संन्यासी आणि पाचशे श्रमिक बंधू होते असे डॅनियल लिहितो. आजाराने अंथरुणाला खिळल्यावर एल्रेडच्या लहानशा खोलीत वीस-वीस, तीस-तीस बंधू त्याच्या खाटेभोवती गोळा होत आणि निःसंकोच बोलत बसत. आध्यात्मिक मैत्रीवरचा त्याचा ग्रंथ आजही वाचला जातो.

टेकडीवरून खाली पाहताना मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "किल्ला नसता तर हा माणूस इथे आलाच नसता. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं."

पंचवीस वर्षांनी आलेली ही कबुली ऐकून आम्हांला विजय वाटायला हवा होता. तो वाटला नाही, कारण तोवर आम्ही तिकीटघरात घेतलेल्या पुस्तिकेचा उत्तरार्ध वाचला होता.

एस्पेक निपुत्रिक वारला. त्याची हेल्मस्लीची मालमत्ता बहिणीच्या वंशात गेली आणि तिच्याबरोबर मठाच्या आश्रयदातेपणाचा मानही गेला. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढायला सुरुवात केली तेव्हा हेल्मस्लीचा धनी होता थॉमस मॅनर्स, रटलंडचा अर्ल. १५३८ साली रीव्हो बंद झाला. तेव्हा तेथे विसांहून थोडेच अधिक संन्यासी उरले होते. मठ आणि त्याच्या जमिनी या थॉमस मॅनर्सच्या पदरात पडल्या, आणि छपरे उतरविण्याचे काम त्याच्याच माणसांनी केले. ज्या किल्ल्याने दिले होते त्याच किल्ल्याने, चारशे सहा वर्षांनी, परत नेले. जमीन आत्म्याच्या कल्याणासाठी, संन्याशांच्या प्रार्थनेच्या मोबदल्यात दिली गेली होती. पण दात्याचे घराणे दात्याच्या जागी बसूनच राहिले. अरिमथाईकर योसेफाने कबर दिली आणि तो शुभवर्तमानातून निघून गेला. त्याचे नाव राहिले, हक्क राहिला नाही. सभेत त्याचा दाखला देताना हा भेद आमच्या लक्षात आला नव्हता.

किल्ल्याचेही पुढे बरे झाले नाही. १६४४ साली, यादवी युद्धात, तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर तो पार्लमेंटच्या सैन्याला शरण गेला आणि त्याचा मोठा बुरूज सुरुंगाने फोडण्यात आला. त्याचा एक अंग आजही उभा आहे. आम्ही वसईकर असे उघडे बुरूज पाहतच वाढलो. तटाच्या आत पोर्तुगीज काळातली चर्चे, तटाबाहेर आपल्या वाड्या. १७३९ साली किल्ला पडला आणि आतल्या चर्चांची छपरे काळाच्या ओघात गेली. बाहेरच्या वाड्यांतली सायंप्रार्थना थांबली नाही. लहानपणी हे आम्हांला केवळ दैवाचे खेळ वाटत.

परंतु सारा दोष किल्लेदारावर टाकून मठाला निर्दोष ठरविणेही खरे नव्हे. नदीच्या पलीकडच्या अंगाला ११४३ मध्ये दुसऱ्या एका मठाचे संन्यासी वस्तीला आले. दोन्ही मठांच्या घंटा एकमेकांत मिसळून घोटाळा होऊ लागला, म्हणून काही वर्षांनी ते तेथून हलले. ही कथा प्रवाशांना हसत सांगितली जाते. त्याच संन्याशांनी आपल्या एकांतासाठी तेथले एक खेडे उठवून दूर वसविले, हे मात्र ओझरते सांगितले जाते. उठविलेल्यांना कोणी काही विचारले होते काय?

हे वाक्य वाचले आणि आम्ही पुस्तिका मिटली. देणगीचा पैसा शुद्ध की अशुद्ध यावर आमची समिती तीन बैठका भांडली. मित्राने मत्तय उघडला, आम्ही योहान उघडला. ज्यांच्या वाड्या गेल्या होत्या ती कुटुंबे चार पावलांवर राहत असताना त्यांपैकी एकालाही, 'या पैशातून उभ्या राहणाऱ्या वेदीपुढे तुम्हांला गुडघे टेकता येतील का?' असे आम्ही विचारले नाही. विरोध करणाऱ्या मित्रानेही नाही. त्याला ते बोलून दाखविले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मी त्यांच्या बाजूनं बोलत होतो ना." आणि थोड्या वेळाने, "बोलत होतो. विचारलं नाही, खरं आहे."

शेवटच्या दिवशी यॉर्कचे महामंदिर पाहिले; ते आता अँग्लिकन आहे. तेथे 'पाच भगिनी' नावाची तेराव्या शतकातली खिडकी आहे: पाच उंच, निमुळते कमानी भाग आणि करड्या काचांची बारीक जडण. रीव्होची छपरे उतरल्यावर शिसे वितळवून त्याच्या राजमुद्रा उठविलेल्या लाद्या पाडल्या गेल्या. त्यांतल्या काही पडलेल्या दगडांखाली गाडल्या गेल्या आणि राजाला मिळाल्याच नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर अवशेष साफ करताना त्या सापडल्या आणि ते शिसे या खिडकीच्या काचा पुन्हा बसविण्यासाठी वापरले गेले. १९२५ साली ही खिडकी त्या युद्धात मरण पावलेल्या स्त्रियांच्या स्मृतीला अर्पण करण्यात आली. मठाचे छप्पर, राजाची लूट, आणि आता करड्या काचांना धरून राहिलेल्या रेषा. हे दान कोणी कोणाला दिले, सांगता येणे कठीण.

खिडकीसमोरच्या खुर्च्यांवर आम्ही बराच वेळ बसलो. मित्राने हळूच विचारले, "ती पाटी अजून आहे?"

"आहे. देणगीदाराचं नाव वर, खाली समितीची नावं."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची," आम्ही म्हणालो. "तुझंही आहे."

तो काही बोलला नाही. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि मोटार लांब लावली होती.