वयाचा हप्ता

माझा एक शाळूसोबती गेली चाळीस वर्षे कॅलिफोर्नियात राहतो. मागल्या वर्षी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, एका स्नेह्याकडून जेवून परत येताना पोलिसांनी त्याची मोटार थांबविली. तिथल्या कायद्याप्रमाणे रक्तात मद्याचे प्रमाण शेकडा ०.०८ झाले की गुन्हा होतो. याचे त्याहून अधिक भरले. (आपल्याकडची मर्यादा शेकडा ०.०३ आहे; म्हणजे या बाबतीत आपण अधिक कडक, निदान कागदावर.) कोणाला धक्का लागला नव्हता, कोठे ओरखडासुद्धा उठला नव्हता. परवाना काही महिने गेला, दंड झाला, वर्गात बसून व्याख्याने ऐकावी लागली. ते सारे त्याने मुकाट्याने सोसले. विम्याचा नवा हप्ता कळला त्या दिवशी मात्र त्याचा फोन आला.

"अरे, मी चौऱ्याऐंशीचा होईन तेव्हा हे लोक मला पुन्हा चांगला ड्रायव्हर म्हणणार! तोवर मी असायला नको का?"

त्याचे गणित बरोबर होते. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ साली कायदा केला, की मोटारीच्या विम्याचा हप्ता मुख्यतः तीन गोष्टींवर ठरावा: चालकाचे आजवरचे वर्तन, वर्षाकाठी धावणारे मैल, आणि गाडी चालविण्याच्या अनुभवाची वर्षे. चांगल्या चालकाला किमान वीस टक्के सवलत द्यावीच लागते. मात्र पिऊन गाडी चालविल्याचे शाबीत झाले, की ती सवलत दहा वर्षे बंद. शिवाय तीन वर्षे कंपनीने सरकारदरबारी 'एस.आर. २२' नावाची हमी दाखल करायची, की या गृहस्थांचा विमा चालू आहे.

कंपनी म्हणेल, आम्ही कोणाला शिक्षा करीत नाही. धोका किती ते मोजतो आणि त्याची किंमत सांगतो. असेलही. परंतु दहा वर्षे हा आकडा मोजमापाचा वाटत नाही, विस्मरणाचा वाटतो. पंचविशीतल्या पोराला त्या दहा वर्षांनंतर उभे आयुष्य उरते. माझ्या मित्राच्या बाबतीत कंपनीने विसरायचे ठरविले, तरी विसरण्याचा दिवस उजाडेपर्यंत स्टिअरिंग धरायला हात शाबूत असतील का, हाच प्रश्न. सारख्याच मापाची वस्तू दोघांना दिली, म्हणून दोघांना सारखे मिळाले असे होत नाही.

फोनवर मी त्याची बाजू घेतली. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र एक जुनी गोष्ट आठवली. तिथे सत्तरी उलटली, की परवान्याच्या नूतनीकरणासाठी स्वतः कचेरीत जाऊन डोळे तपासून घ्यावे लागतात. तेव्हाही त्याचा फोन आला होता. "माझी वर्षं कसली मोजता? माझं वर्तन बघा की!" त्याचे हे म्हणणे मला त्या वेळी पटले होते, आजही पटते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हप्ता ठरविताना वय धरतात. कॅलिफोर्नियात ते धरीत नाहीत. म्हणजे त्याने मागितला तोच न्याय त्याला मिळाला होता. वर्षे बाजूला ठेवून त्यांनी वर्तन पाहिले. आणि आता हा म्हणत होता, माझे वय बघा.

त्याला हसण्याचा अधिकार मला नाही. गाडीत कोणी उठून जागा दिली नाही तर मला राग येतो, आणि 'आजोबा, बसा' म्हटले तरीही येतो. पण वय दंडासाठी मोजू नका आणि दयेसाठी मोजा, हे एका तोंडाने मागता येते का?

न्यायालय कधीकधी तेही देते. २००३ च्या जुलैत सांता मोनिकाच्या भाजीबाजारात शहाऐंशी वर्षांच्या एका गृहस्थाची मोटार शिरली. ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर पाय पडला, असे त्याचे म्हणणे. दहा माणसे मेली, साठाहून अधिक जखमी झाली. २००६ साली तो दोषी ठरला. परंतु त्याची प्रकृती पाहून न्यायाधीशांनी त्याला तुरुंगात धाडले नाही. मला तो निर्णय क्रूर वाटत नाही. मेलेल्या दहांपैकी एखाद्याच्या आईला काय वाटले असेल, ते मात्र मला सांगता येणार नाही.

विमा मुळात त्या दहांसाठी असतो, हे आपण हप्त्याच्या रागात विसरतो. म्हणूनच ज्या चालकाला सगळ्या कंपन्या नाकारतात, त्यालाही कॅलिफोर्निया वाऱ्यावर सोडीत नाही. अशी माणसे कंपन्यांमध्ये त्यांच्या धंद्याच्या प्रमाणात वाटून दिली जातात. त्यात चालकावरची माया थोडी, पदपथावरच्या माणसाची काळजी अधिक. अर्थात त्या काळजीची रक्कमही पाहण्यासारखी आहे: एका माणसाच्या दुखापतीसाठी वा मृत्यूसाठी सक्तीचा किमान विमा १९६७ पासून पंधरा हजार डॉलरचा होता, तो २०२५ च्या जानेवारीत तीस हजारांचा झाला.

आपल्याकडे हा पेच अजून आलेला नाही. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा सक्तीचा हप्ता मोटारीच्या इंजिनाच्या आकारावरून ठरतो. चालवणारा चोवीसचा की चौऱ्याहत्तरचा, प्यायलेला की उपाशी, हे तो विचारीत नाही. नियमभंगाप्रमाणे हप्ता वाढवावा, असा एक मसुदा विमा नियामकाच्या कार्यगटाने २०२१ साली मांडला होता.

गेल्या आठवड्यात मीच त्याला फोन केला. गाडी सोडून का देत नाहीस, असे विचारले. वाण्याचे दुकान चार मैल, देऊळ अकरा मैल, आणि मुलगा शनिवारीच मोकळा असतो, असे तो म्हणाला. मग धीर करून मी विचारले, "त्या रात्री रस्त्यात कोणी आलं असतं तर?"

बराच वेळ पलीकडून काही ऐकू आले नाही. नंतर तो म्हणाला, वर्षाचा हप्ता एकदम भरला तर थोडा कमी पडतो म्हणतात. खरे आहे का, ते मुलाला विचारायचे आहे.